पुरुषी दोस्तीचं क्विअर वाचन

सिरीज, मीम, गेमिंग स्ट्रीम, पॉडकास्ट अशा ऑनलाइन गोष्टींमध्ये दोन पुरुषांची जवळीक दिसली की ती "नुसती यारी आहे" म्हणून सोडून न देता त्यातली ओढ, लाज, लपवाछपवी नीट बघणं म्हणजे क्विअर वाचन (क्विअर म्हणजे स्त्री-पुरुष प्रेमाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारं). बऱ्याच जणांना वाटतं की यात ते दोघं गे आहेत हे सिद्ध करायचं असतं, पण तसं नाहीये, प्रश्न हा असतो की पुरुषाला पुरुषाच्या किती जवळ जायची मुभा आहे आणि गेल्यावर कुठली सबब द्यावी लागते.

याची थिअरी मुख्यतः इव्ह कोसोफ्स्की सेजविक या अमेरिकन साहित्य अभ्यासकाच्या 'बिटवीन मेन' या १९८५ च्या पुस्तकातून येते. पुरुषांमधली मैत्री, चढाओढ आणि इच्छा हे सगळं मुळात सलग आहे, मधली भिंत समलिंगी ठरण्याच्या भीतीने उभी राहते, असं त्या मांडतात.

ती भीती "नो होमो" मध्ये, म्हणजे "मी गे नाहीये हां" या खुलाशात, स्पष्ट दिसते. हिपहॉपमधून पसरलेलं हे शेपूट, मित्राला "तुला मिस केलं यार" म्हणायचं आणि लगेच ते जोडायचं. मिठीचंही तेच, एका हाताने हात धरायचा, दुसऱ्याने पाठीवर धपाधप थापा, आणि छातीला छाती लागू नये म्हणून धरलेले हात मध्ये. अशा वाचनामुळे साधी मैत्रीही संशयात येते अशी तक्रार असते, मला ती पटत नाही, या थापा वाचनाच्या आधीपासूनच आहेत ना.

फॅन लोकांनी हे थिअरीच्या आधीच सुरू केलं होतं. स्टार ट्रेक या सिरीजमधल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांची प्रेमकथा १९७४ मध्ये फॅनझिनमध्ये, म्हणजे फॅन लोकांनी स्वतःच काढलेल्या मासिकात, छापली गेली, दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरून या प्रकाराला "स्लॅश" म्हणतात आणि लिहिणाऱ्या बहुतेक बायका होत्या. आता व्हिडिओ एडिट असतात. भांडणाच्या सीनमधली दोन सेकंदांची नजर स्लो करून तीनदा दाखवायची, खाली गाणं. गाणं सोडलं तर सीनमध्ये नसलेलं काही घातलेलं नसतं, बघायला वेळ तेवढा दिलेला असतो.

निर्माते अशी हिंट देऊन प्रेक्षक ओढतात आणि नातं कधीच दाखवत नाहीत तेव्हा त्याला क्विअरबेटिंग म्हणतात, आणि हा राग रास्तच आहे. पण हाच आरोप खऱ्या माणसांवर व्हायला लागला की वाचन संपतं, पाळत सुरू होते. हार्टस्टॉपर या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमावरच्या सिरीजमधला अभिनेता किट कॉनर याच्यावर तो झाला, आणि २०२२ मध्ये, १८ वर्षांचा असताना, आपण बायसेक्शुअल आहोत हे त्याला ट्विटरवर सांगावं लागलं. हे आपल्याकडून जबरदस्तीने वदवून घेतलं गेलं, असं त्याने तिथेच लिहिलं.