वाढलेलं आणि खाल्लेलं

शाळेच्या कॅन्टीनवरून पालकसभेत वाजतं ते बहुधा मेनूवरून. तळलेलं इतक्यांदा का, भाजी दोनच दिवस का, गोड कशाला? शाळा ऐकते, नवा तक्ता भिंतीवर लागतो, पालक समाधानाने घरी जातात. मूल मात्र पूर्वीसारखंच भुकेलं परत येतं. तक्ता सांगतो काय वाढलं; काय खाल्लं हे त्याला ठाऊक नसतं, आणि आपण दोन्ही एकच धरून चालतो.

वाढलेलं तपासणं तसं सोपं. आठवड्याचा तक्ता, पदार्थांची कृती आणि एका ताटात किती वाढतात एवढं मागितलं की बरंच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, शिवाय मध आणि फळांच्या रसातली साखर, मिळून दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. मीठ प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, मुलांसाठी त्याहूनही कमी. हे आकडे घेऊन बसलात की बोलणं तक्रारीवरून हिशेबावर येतं.

खाल्लेलं कळतं ते उष्ट्याच्या बादलीत. शाळेची परवानगी घेऊन दोन-तीन पालकांनी आठवडाभर परत येणारी ताटं पाहावीत. प्रत्येक पदार्थापुढे खूण करायची: सगळं उरलं, पाऊण, अर्धं, पाव, की काहीच नाही. वजनकाटा असेल तर उत्तमच, पण नजरेचा अंदाजही पुरतो. मुलांची नावं मात्र टिपायची नाहीत. जेवणावर पाळत आहे असं वाटलं की मुलं अन्न लपवून टाकायला शिकतात, मग नोंदीला अर्थ उरत नाही.

ताटं बघितली की लक्षात येतं, चवीइतकाच दोष घड्याळाचा असतो. मधली सुट्टी ३० मिनिटांची असली तरी हात धुणं आणि रांग यांत १५ मिनिटं गेली, तर शेवटच्या मुलाला जेवायला उरतात १५. जागेवर बसल्यापासून निदान २० मिनिटं मिळावीत, अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे. तिथल्याच काही शाळांच्या पाहणीत, त्याहून कमी वेळ मिळालेल्या मुलांच्या ताटात मुख्य पदार्थ, भाजी आणि दूध जास्त उरलेलं आढळलं. मेनू तोच, फरक फक्त वेळेचा. आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावल्यावरही काही ठिकाणी उष्टं कमी झालंय. सगळीकडे नाही, पण करून पाहायला खर्च नाही.

कधी कारण अगदीच साधं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात. अख्खं फळ त्यांना चावताच येत नाही. वाढायच्या जरा आधी फोडी केल्या की तेच फळ संपतं.

आता एक धोका. नुसत्या बादलीकडे बघून निर्णय घेतले तर पहिला बळी भाजीचा जाणार आणि तळलेलं जिंकणार. नवी चव मुलांच्या तोंडी बसायला बऱ्याचदा आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. म्हणून नवी भाजी पहिल्या आठवड्यात उरली तर ती ‘नापास’ नाही. महिनाभर, थोड्या थोड्या प्रमाणात, वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहावी. तरीही उरत असेल तर मग बदलावी. अशा वेळी तक्ता आणि बादली शेजारी ठेवूनच वाचायला हवं.

पुढच्या सभेत ‘भाज्या वाढवा’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘रांगेतलं शेवटचं मूल किती वाजता बसतं?’ आणि सभेला आचाऱ्यालाही बोलवा. ती बादली रोज तोच रिकामी करतो, आणि काय उरतं हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.