मुलांमधील मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया

लहान मुलाचे मांडीचे हाड (ऊर्वस्थी) मोडले म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाव्लिक पट्टा (पाय दुमडून धरणारे कापडी पट्टे) आणि साधारण पाच वर्षांपर्यंत कमरेपासून पायापर्यंतचे प्लास्टर बहुधा पुरते. त्यापुढे मूल जड होते, हाड जुळायला वेळ लागतो आणि आठवडेच्या आठवडे पडून राहणे त्याला झेपत नाही.

पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत आडव्या किंवा किंचित तिरक्या भंगासाठी टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या वापरतात. फ्रान्समधील नान्सी येथे झां-पॉल मेतेझो, झां प्रेव्हो आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंना छोटे छेद घेऊन हाडाला तिरके छिद्र पाडतात आणि तेथून सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवतात. मात्र वाढपट्टीपासून (हाडाच्या टोकाजवळील, जेथून हाड लांबीला वाढते ती कूर्चेची पट्टी) सुमारे २ सेंमी. अंतर राखतात, कारण ऊर्वस्थीच्या लांबीची जवळपास ७० टक्के वाढ याच पट्टीतून होते. सळीची जाडी हाडाच्या पोकळीच्या सर्वांत अरुंद भागाच्या सुमारे ४० टक्के असते. तिला आधीच बाक दिलेला असतो आणि त्याचा मध्य मोडलेल्या जागी आणतात. दोन्ही सळ्या सारख्याच जाडीच्या हव्यात, नाहीतर हाड एका बाजूला कलते. जोड पूर्ण ताठ नसतो, थोडा हलतो. त्या हालचालीनेच नवे हाड भराभर धरते.

मूल ५० किलोच्या आसपास किंवा जास्त वजनाचे असेल, अथवा हाडाचे अनेक तुकडे झाले असतील, तर लवचिक सळ्या तग धरत नाहीत. अशा वेळी स्नायूंखालून प्लेट सरकवतात. उघड्या जखमेत बाह्य चौकट (कातडीबाहेर राहून पिनांनी हाड धरणारी) सोयीची. पण ती काढल्यावर हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो.

किशोरवयात ताठ सळी चालते, पण ती मोठ्यांप्रमाणे खुब्याजवळच्या खाचेतून घालणे टाळतात. तेथून जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्यास ऊर्वस्थीचे शीर्ष (खुब्याच्या सांध्यातील गोल टोक) मृत होऊ शकते आणि ते नुकसान मूळ अस्थिभंगापेक्षा भारी पडते. म्हणून सळी ऊर्वस्थीच्या वरच्या टोकाच्या बाहेरील उंचवट्याच्या बाजूने घालतात.

लवचिक सळ्यांबाबतची सर्वांत नेहमीची तक्रार किरकोळ असते: सळीचे टोक गुडघ्यापाशी टोचते. हाड काहीसे वाकडे जुळले तरी वाढीच्या ओघात बरेचसे सरळ होते. पीळ मात्र फारसा सुटत नाही, म्हणून तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तपासावा लागतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत मोडलेला पाय नंतर सुमारे १ सेंमी. जास्त वाढू शकतो. हाड पक्के जुळल्यावर सळ्या साधारणतः सहा महिने ते वर्षभरात काढतात.