मैदानावरील प्रकाशझोत
रात्रीच्या खेळासाठी मैदानाकडेला खांब उभारून त्यांवरील दिव्यांनी खेळाचे क्षेत्र शक्य तितके सारखे उजळण्याची योजना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात प्रकाशझोतातील कबड्डी, टेनिस बॉल आणि हाफपिच क्रिकेटच्या स्पर्धा नेहमीच्या झाल्या आहेत. आयोजकांची चर्चा बहुधा किती वॉटचे किती फोकस लावायचे यावरच संपते. ते किती उंचीवर आणि कोणत्या कोनात लावायचे, हा त्याआधीचा प्रश्न राहून जातो.

जमिनीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. ल्यूमेन हे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप; दर चौरस मीटरवर एक ल्यूमेन म्हणजे एक लक्स. मैदानावरच्या सर्वांत कमी लक्सला सरासरी लक्सने भागले की समता, म्हणजे उजेड सगळीकडे किती सारखा आहे ते, कळते. ईएन १२१९३ या युरोपीय मानकात फुटबॉलसाठी सराव व शालेय पातळीला ७५ लक्स आणि ०.५ समता, मधल्या पातळीला २०० आणि ०.६, तर वरच्या पातळीला ५०० आणि ०.७ सांगितली आहे. म्हणजे खेळाचा दर्जा वाढतो तशी उजेडाबरोबर समतेची अटही कडक होते. सरासरी ३०० लक्स असून एका कोपऱ्यात ६० भरले, तर समता ०.२ वर येते. त्यापेक्षा सगळीकडे १५० लक्स असलेले मैदान खेळायला केव्हाही बरे. उजेडाच्या पट्ट्यातून अंधाऱ्या पट्ट्यात गेलेल्या चेंडूचा वेग बदलल्यासारखा वाटतो आणि सोपा झेलही हातून सुटतो.

समता सर्वांत आधी बिघडते ती बुटक्या खांबामुळे. ९ मीटर उंचीवरचा दिवा सर्व दिशांना सारखा उजेड देतो असे धरले, तर खांबापासून १८ मीटरवर बुडख्यापाशी असलेल्या उजेडाचा जेमतेम अकरावा भाग पोहोचतो. तोच दिवा १८ मीटर उंच नेला, की तेवढ्याच अंतरावर त्याच्या बुडख्यापाशीच्या उजेडाच्या तिसऱ्या भागाहून थोडा जास्त मिळतो. खांबाखालचा झगझगाट कमी होतो, हा आणखी एक फायदा. आखणीचा ढोबळ नियम असा : मैदानाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या मध्यरेषेवरून दिव्याकडे पाहताना नजर निदान २५ अंश वर जावी. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानात खांब बाजूच्या रेषेपासून ५ मीटर बाहेर असतील, तर ३४ आणि ५ मिळून ३९ मीटर अंतर होते व उंची सुमारे १८ मीटर निघते. खांब कमी उंचीचे असले की दिवे वर उचलून लांब मारावे लागतात, आणि मग ते समोरच्या खेळाडूच्या थेट डोळ्यांत जातात. गोलकीपरला कॉर्नर किकच्या वेळी दिव्याकडे पाहावे लागू नये म्हणून गोलरेषेच्या दोन्ही बाजूंच्या १५ अंशांत खांब ठेवत नाहीत.

कबड्डीचे पुरुषांचे मैदान फक्त १३ बाय १० मीटर, त्यामुळे तिथे काम सोपे वाटते. पण सगळे फोकस एकाच बाजूला बांधले, तर पकड करणाऱ्यांची लांब सावली बोनस रेषेवर पडते आणि चढाईपटूचा पाय टेकला की नाही, यावरून पंचांशी वाद पेटतो. चारही कोपऱ्यांतून आडवे-तिरपे झोत सोडले की सावल्या फिकट होतात.

वरच्याच फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर. २०० लक्ससाठी जमिनीवर सुमारे १४.३ लाख ल्यूमेन हवेत. बाहेर सांडणारा उजेड, धूळ आणि दिव्यांचे वय धरून ०.४८ ने भागले की जवळपास ३० लाख होतात. दर वॉटला १३० ल्यूमेन देणारे एलईडी घेतले, तर २३ किलोवॉट लागतात. मेटल हॅलाइड दिवे असतील तर लाईट जाऊन आल्यावर ते थंड होऊन पुन्हा पेटायला १० ते १५ मिनिटे घेतात; सामना तेवढा वेळ ताटकळतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून एकाच जागेवर पडणारे झोत वेगवेगळ्या फेजवर जोडतात, म्हणजे ते एकाच वेळी मंदावत नाहीत.

खांबाचा पाया बेळगाव जिल्हाभर एकसारखा चालत नाही. अथणी, गोकाककडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर रोवलेला खांब तिथे कलतो आणि झोतही सरकतो. खानापूरकडच्या जांभ्यात खांब पक्का बसतो, पण कोरड्या दिवसांत अर्थिंग नीट मिळत नाही, खड्डा खोल घ्यावा लागतो. वाऱ्याचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे दिव्यांच्या चौकटीसकट धरतात. शेजारी सोयाबीन असेल तर झोत बांधाबाहेर जाऊ देऊ नये : या पिकाला फुलायला लांब रात्र लागते, आणि रात्रभराच्या उजेडात फुलोरा लांबतो.

झोत जुळवणे हे काळोख पडल्यावरचे काम. मैदानावर दर १० मीटरला चुन्याची खूण करून लक्समीटरने आकडे टिपायचे, सर्वांत कमी आकडा सापडला की त्या दिशेचा एक दिवा थोडा वळवायचा आणि पुन्हा सगळे मोजायचे. आकडे जमले की वायरमन नट कसून दिवा धरणाऱ्या कंसावर रंगाची रेघ ओढतो. पावसाळ्यानंतर रेघा जुळतात का ते पाहून दिवे पुन्हा सरळ करतात आणि काचांवर चिकटलेले किडे पुसून काढतात.