खानदेशातील हंगामी स्थलांतर (अर्थशास्त्र)

धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून मजुरीसाठी दरवर्षी होणारे तात्पुरते स्थलांतर आणि त्याच्या कारणांचा व परिणामांचा आर्थिक अभ्यास. यातला ठळक प्रवाह अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर, साक्री या भागांतून दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांकडे जातो. त्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. सुरत जिल्ह्यातील बारडोली परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि सहकारी साखर कारखाने वाढले, त्या काळाशी, म्हणजे स्थूलमानाने 1950 नंतरच्या दोन-तीन दशकांशी, त्याचा आरंभ जोडला जातो.

कारणांबाबत मतभेद आहेत. हॅरिस व टोडारो (1970) या अर्थशास्त्रज्ञांच्या मते मजूर शहरातील अपेक्षित मजुरी, म्हणजे काम मिळण्याची शक्यता धरून येणारी मजुरी, पाहून गाव सोडतो. ऊसतोडीला हे फारसे लागू पडत नाही, कारण काम निघण्यापूर्वीच मुकादमामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत, ठरलेले असते. स्टार्क व ब्लूम (1985) यांनी स्थलांतर हा जोखीम वाटून घेणाऱ्या कुटुंबाचा निर्णय मानला. कोरडवाहू, उताराच्या शेतीला आणि कर्जाच्या अडचणीला तो अधिक जुळतो. मात्र दोन्ही सिद्धांतांत मजूर मागणाऱ्याची बाजू झाकली जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी नेमके तेच विचारले: बारडोलीत भूमिहीन हळपती (तिथले आदिवासी शेतमजूर) हाताशी असताना कारखाने खानदेशी मजूर का आणतात? त्यांचे उत्तर असे, की परका, उचलीने (आगाऊ रकमेने) बांधलेला मजूर रात्री-अपरात्रीही फडात उभा करता येतो. उचलीची रीत पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. पावसाळ्यात घरातले दाणे संपत आले की मुकादम उचल देतो. ती हंगामभर टनामागच्या मजुरीतून फिटते. एक ‘कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते. हिशेब कोयत्याचा होतो, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी कुठेच दिसत नाही.

मोजमापाचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 64व्या फेरीने (2007-08) मागील 365 दिवसांत एक महिना वा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानले. दिवाळीच्या सुमारास गेलेली आणि हंगाम लांबल्याने उन्हाळ्यात परतलेली जोडी या वर्गातून सहज निसटते. होळीला बरीच कुटुंबे सातपुड्यात येऊन पुन्हा फडावर जातात, हेही एका आकड्यात मावत नाही.

परिणामांपैकी मुलांच्या शाळा सुटण्याकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक गेले आहे. त्यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. सुरतच्या उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेले खानदेशी कापड उद्योगातील कामगार हा निराळा, कायम स्थलांतराचा प्रकार होय. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मात्र सातपुड्यातून मजूर येतात.