रोहूच्या नराकडे कोण बघतं?

पावसाळा लागला की मत्स्यबीज केंद्रांवर रात्री जागून निघतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशातल्या अंगुल इथे पीयूष ग्रंथीचा (मेंदूखालच्या, संप्रेरकं तयार करणाऱ्या ग्रंथीचा) अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून मादीचं वजन, इंजेक्शनचा डोस, अंडी किती, सगळ्याची नोंद राहते. नराचं पोट दाबून दुधासारखं रेत (वीर्य) आलं की त्याची परीक्षा संपते. मला ही परीक्षा फार अपुरी वाटते.

माशाच्या अंगात असेपर्यंत शुक्राणू निपचित असतात. गोडं पाणी लागलं की क्षारांचं प्रमाण एकदम घटतं, आणि तोच धक्का त्यांना जागं करतो. मग जेमतेम एक-दोन मिनिटं ते पोहतात, त्यातलंही पहिलं अर्धं मिनिटच काय ते जोमाचं. तेवढ्यात अंड्याच्या कवचावरचं एकुलतं एक सूक्ष्म छिद्र सापडायला हवं, कारण पाणी पिऊन अंडं फुगू लागलं की तो दरवाजाही बंद होतो.

म्हणून हाताने फलन करताना आधी नर-मादीचं पोट फडक्याने कोरडं पुसतात. कोरड्या ताटलीत अंडी, त्यावर रेत, पिसाने हलकेच ढवळणं, आणि पाणी सगळ्यात शेवटी. पोट दाबताना नराचं मूत्र रेतात मिसळलं, तरी शुक्राणू वेळेआधीच जागे होऊन दमून जातात.

पण जोमाने पोहणारा शुक्राणू धडधाकट असतोच असं नाही. त्याच्यातला डीएनए तुटलेला असू शकतो, आणि तो दुरुस्त करायची सोय शुक्राणूकडे नसते. अंडं थोडीफार डागडुजी करतं. ती पुरली नाही तरी अंडं फलित होतं, पेशी विभागत राहतात, कारण सुरुवातीचा कारभार आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. काही तासांनी भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि बापाकडून आलेली मोडतोड तेव्हा उघडी पडते. रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं: डीएनए बिघडलेल्या शुक्राणूंनी अंडी फलित केली, पण पुढे भ्रूण मेले.

रोहूची अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटून पिल्लं बाहेर येतात. संध्याकाळी काचेसारखी दिसलेली अंडी सकाळी पांढरी पडली की दोष पाण्याला किंवा बुरशीला दिला जातो. तो खराही असेल, पण नराची चौकशी होतच नाही. तो हंगामाच्या शेवटचा होता का? कडक उन्हाच्या पाण्यात राहिला होता का? त्याच घराण्यातले नर किती वर्षं वापरतोय? नव्या रक्ताचे दोन-चार नर नदीतून आणून, त्यांना वेगळ्या तळ्यात चांगलं खाऊ घालून ठेवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रेताचा एक थेंब ठेवून त्यावर पाणी सोडलं, की निदान हालचाल तरी डोळ्यांनी दिसते. आणि फलित अंड्यांच्या टक्केवारीशेजारी वहीत आणखी एक रकाना आखावा: त्यातून जिवंत मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किती निघाले, आणि नर कोणता होता.