'विनियोग' या एका शब्दाची पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले आणि इथली वसतिगृहे, वाचनालये, तालमी १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली आल्या. दरबाराकडून मिळालेल्या जागांवर उभ्या असलेल्या संस्थांना धर्मादायची नोंदणी वेगळी आणि प्राप्तिकराची वेगळी, हे नव्याने सांगायला नको. आजच्या अडचणी दुसऱ्या नोंदणीतल्या आहेत, आणि त्या बहुतेक २०२० नंतरच्या आहेत.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातला सौदा सरळ होता: उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्याच वर्षी उद्देशासाठी वापरा (यालाच 'विनियोग' म्हणतात), त्यावर कर नाही. हा हिस्सा आधी ७५ टक्के होता, २००२ च्या अर्थसंकल्पाने ८५ केला. पुढे २००८ पासून बरीच वर्षे वाद 'धर्मादाय' कशाला म्हणायचे यावर चालला. तो मुख्यतः मोठ्या मंडळांचा आणि प्राधिकरणांचा होता. वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती फंड चालवणाऱ्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. झळ लागली ती 'विनियोग' या शब्दाचा अर्थ बदलू लागल्यावर.

२०२१ मध्ये कायम निधीतून, म्हणजे मुद्दल जपायच्या अटीवर मिळालेल्या रकमेतून, केलेला खर्च विनियोगातून बाहेर गेला. तो निधी चालू उत्पन्नातून परत भरला, तर भरल्या वर्षी धरायचा. २०२३ ने त्यालाही पाच वर्षांची मुदत घातली, आणि १ एप्रिल २०२१ पूर्वी कायम निधीतून केलेल्या खर्चाची भरपाई धरायचीच नाही असे ठरले. २०२२ मध्ये प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय खर्च मोजायचा नाही, हा नियम आला. मार्चअखेर कंत्राटदाराचे बिल वहीत आले, पण पैसे एप्रिलमध्ये गेले, तर ते पुढच्या वर्षाचे. लेखापरीक्षणाच्या फीची तरतूदही तशीच. इथवर लहान संस्थांनी कसेबसे जमवून घेतले.

खरा घोळ २०२३ च्या अर्थसंकल्पाने केला. एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीचा फक्त ८५ टक्के भाग विनियोग धरायचा, हा नियम १ एप्रिल २०२३ नंतरच्या देणग्यांना लागू झाला. कारण असे दिले गेले की संस्थांची साखळी करून प्रत्येक पायरीवर १५ टक्के मागे ठेवले जातात आणि शेवटी गरजूपर्यंत थोडेच पोचते. कारण खोटे नाही. पण साखळी न करणारेही त्यात सापडले.

समजा, राजारामपुरीतल्या एका फंडाचे उत्पन्न १० लाख आहे. साडेआठ लाख वसतिगृहाला दिले, दीड लाख ठेवले. पूर्वी हिशेब तिथेच संपत होता. आता साडेआठ लाखांचे ७,२२,५०० धरले जातात आणि १,२७,५०० रुपयांची तूट करपात्र होते. फंडाचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ६० हजार असेल तर तो पूर्ण धरला जातो. उरलेले ७,९०,००० भरून काढायला वसतिगृहाला सुमारे ९,२९,४१२ रुपये द्यावे लागतात. म्हणजे पुढच्या वर्षासाठी हाती साडेदहा हजार. सगळीच रक्कम देऊन टाकली तर न धरलेले १५ टक्के ठेवीत गुंतवलेले दाखवावे लागणार नाहीत, एवढा खुलासा मार्च २०२४ च्या परिपत्रकाने केला. दुसऱ्या संस्थेच्या कायम निधीला दिलेली देणगी तर २०१७ पासूनच अजिबात धरली जात नाही. पावतीवर 'कायम निधी' हे शब्द चुकून पडले तरी घात होतो.

तोच पैसा फंडाने मुलांच्या मेस-बिलावर किंवा फीवर स्वतः भरला तर शंभर टक्के धरला जातो. ज्यांच्याकडे माणूस आहे, त्यांनी हा रस्ता धरावा.

पुराच्या वर्षी हे जास्त टोचते. ऑगस्टमध्ये जमलेला निधी मार्चपर्यंत संपला नाही तर उद्देश लिहून प्राप्तिकर खात्याकडे नमुना १० भरता येतो, पाच वर्षे ठेवता येतो. १९६१ च्या कायद्यात २०२३ पासून हा नमुना विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी, म्हणजे साधारणतः ३१ ऑगस्टपर्यंत द्यायचा असे आले. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला तरी सवलत नाकारायची नाही, असे २०२३ च्याच परिपत्रकाने सांगितले. आणि असा साठवलेला पैसा नंतर शिरोळच्या दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तो स्वतःच खर्चावा लागतो.

नोंदणीचे थोडक्यात. २०२० च्या अर्थसंकल्पाने कायमची नोंदणी पाच वर्षांची केली. नव्याने नोंदणीच्या अर्जाची मुदत पुन्हा पुन्हा वाढून शेवटी ३० जून २०२४ वर आली. त्यातच २०२३ मध्ये असे ठरले की नूतनीकरणाचा अर्ज राहिला तर मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर. शाहूपुरीत जुनी जागा असलेल्या संस्थेला हे परवडणारे नाही. २०२४ मध्ये योग्य कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार प्राप्तिकर आयुक्तांना मिळाला, आणि २०२५ मध्ये आधीच्या दोन्ही वर्षी ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्यांची नोंदणी दहा वर्षांची झाली. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता मात्र पाच वर्षांचीच ठेवली. त्यामुळे दोन मुदती वेगवेगळ्या वर्षी संपणार. अध्यक्ष-सचिव बदलले तरी दोन्ही तारखा एकाच वहीत लिहिलेल्या असाव्यात, कारण मुदत संपायच्या सहा महिने आधी अर्ज जावा लागतो.