बोट उतरवण्याचा दिवस आणि मुहूर्ताचा दिवस वेगळे ठेवा
हंगामाच्या सुरुवातीला बोट पाण्यात सोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून फायबरच्या बोटी, आउटबोर्ड इंजिने आणि ट्रेलर घेणाऱ्या किंवा दुरुस्तीसाठी आणणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आमचे वर्कशॉप इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक भागात असले, तरी इथून निघालेल्या बोटी हनुवंतियाला, ओंकारेश्वरला, महेश्वरच्या घाटावर, चंबळेवरच्या गांधीसागरात आणि सातपुडा ओलांडून तापीवर, बऱ्हाणपूरपासून हतनूरच्या जलाशयापर्यंत जातात. खानदेशातल्या आणि इंदूरच्या मराठी ग्राहकांनी वारंवार मागणी केल्यामुळे हे पत्रक मराठीत छापले आहे.

मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारी बंद असते, त्यामुळे मच्छीमार संस्थांना १६ ऑगस्टला बोट पाण्यात हवी असते. पर्यटनाच्या बोटींची घाई दसरा-दिवाळीला असते. दोन्ही वेळा आम्हाला येणाऱ्या फोनमधली काळजी मात्र एकच असते. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे बोट चालवली आहे, असे नावाडीसुद्धा आदल्या रात्री नीट झोपत नाहीत आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. कित्येक आठवडे ताडपत्रीखाली पडून राहिलेली वस्तू एकाच सकाळी रस्ता, उतार, पाणी, पेट्रोल आणि माणसांचे वजन या सगळ्यांना तोंड देणार असते. यांपैकी काही बिघडले तर ते चारचौघांसमोर बिघडणार, याचे दडपण मालकाच्या मनावर असतेच.

ही काळजी कमी करण्याचा आम्हाला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बोट पाण्यात उतरवण्याचा दिवस आणि मुहूर्ताचा दिवस वेगळे ठेवणे. मुहूर्ताला संस्थेचे अध्यक्ष येतात, पाहुणे येतात, मुले येतात, नारळ आणि पेढे येतात, फोटो काढले जातात. अशा वेळी ट्रेलरचा पट्टा कोणी सोडला आणि तळाचे बूच कोणी बसवले, हे नेमके कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्याउलट, मुहूर्ताच्या चार-पाच दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी, तीनच माणसांनी घाटावर जाऊन बोट उतरवली, तास-दोन तास पाण्यात ठेवली आणि इंजिन चालवून पाहिले, तर जे काही चुकायचे ते तिथे चुकते आणि दुरुस्तीला वेळही मिळतो. मुहूर्ताला बोट आधीपासून पाण्यात बांधलेली असावी. पूजेला त्याने काहीही कमीपणा येत नाही.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी नर्मदेच्या एका घाटावर आम्ही नवी बोट मुहूर्तालाच उतरवली. प्रवासात पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाचे बूच काढून ठेवले होते, आणि ते ज्या माणसाच्या शर्टाच्या खिशात होते तो घाटावर पोहोचताच चहाला गेला. बोट तरंगली, टाळ्या झाल्या, पाहुणे चढले, आणि दहा मिनिटांत मागच्या बाकाखालच्या फळ्यांवर पाणी आले. घाट जवळ होता म्हणून सगळे सुखरूप उतरले, परंतु त्या दिवशी एका आजींनी हातात घट्ट धरलेली ओली चप्पल आमच्या अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बोटीचे बूच काढले की ते लाल नाड्याने इंजिनाच्या किल्लीला बांधतो. बूच हातात आल्याशिवाय किल्ली हातात येत नाही. जुन्या बोटींनाही आपण हा नाडा बांधावा, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

पंधरा दिवस आधी, जमिनीवर

बोटीचा तळ उन्हात, सकाळच्या तिरप्या प्रकाशात पाहावा, म्हणजे बारीक फोड आणि तडे दिसतात. फायबरच्या बोटीवर प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने हळूहळू ठोकत जावे. जिथे आवाज खणखणीत येतो तिथे थर घट्ट आहेत, जिथे तो बसका येतो तिथे आतले थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे, असे समजून खडूने गोल करून ठेवावा. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते, तिच्या आत बहुधा प्लायवुड असते आणि ते बाहेरून न दिसता कुजते. इंजिनाचा खालचा भाग धरून तो मागेपुढे जोराने हलवावा. फळी इंजिनाबरोबर लवली, तर ती बोट यंदा पाण्यात नेऊ नये. हे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहिले आहे.

लाकडी नावांची गोष्ट वेगळी आहे. त्या बाहेर राहिल्या की फळ्या वाळून आकसतात आणि सांधे उघडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी नाव गळणारच. सांध्यांत कापूस भरून डांबर लावल्यानंतरही तीन-चार दिवस आत ओली पोती पसरून लाकूड हळूहळू फुगू द्यावे, आणि उतरवल्यावर पहिली रात्र नाव रिकामी, काठाला बांधलेली ठेवावी. हे जुने नावाडी जाणतात. नव्या रिसॉर्टवाल्यांना मात्र सांगावे लागते. पॅडल बोटींच्या बंद पोकळ्यांत साचलेले पाणी काढून त्या कोरड्या केल्या की बहुतेक काम झाले.

इंजिन

हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या सर्वाधिक शिळ्या पेट्रोलच्या असतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळाभर अर्धी भरलेली टाकी पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. नळी पेट्रोल तळातूनच उचलते, म्हणून इंजिनाला सर्वांत आधी तेच मिळते. गेल्या हंगामाचे पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, कार्बोरेटर रिकामा करून साफ करून घ्यावा आणि नळीला, तसेच हाताने दाबायच्या रबरी फुग्याला भेगा पडल्या असतील तर दोन्ही बदलावेत. ज्या टू-स्ट्रोक इंजिनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागते, त्यांच्यासाठी १० लिटर पेट्रोलात २०० मिलीलिटर तेल घालावे. अंदाजाने ओतू नये, मापाचे भांडे टाकीला बांधूनच ठेवावे.

इंजिन थंड ठेवणारे पाणी खाली बसवलेल्या एका रबरी चक्रीने वर चढते. ती चक्री पडून राहिली की तिची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. ती स्वस्त असते आणि ती नसली तर जे जळते ते महाग असते, म्हणून आम्ही ती दरवर्षी बदलण्याचा आग्रह धरतो. इंजिन कोरडे कधीही चालवू नये, अर्धे मिनिटसुद्धा. वर्कशॉपमध्ये आम्ही ते पाण्याच्या ड्रममध्ये टांगून चालवतो, आपणही तसेच करावे. सुरू होताच मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार यायला हवी. ती आली नाही तर लगेच बंद करावे.

गिअरचे तेल खालच्या स्क्रूमधून थोडेसे बशीत काढून पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर सील गेले आहे आणि आत पाणी आहे. सील जाण्याचे आमच्या भागातले नेहमीचे कारण म्हणजे तंगूस. जाळ्याचा तो नायलॉनचा धागा इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यामागे (प्रोपेलरमागे) दांड्याभोवती गुंडाळत जातो आणि सीलमध्ये रुततो, पण पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून हंगामापूर्वी पंखा एकदा काढावाच.

एक गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो, कारण ती सांगणारे कमी आहेत. इंजिनाच्या पायाशी गंज स्वतःवर घेणारी धातूची वडी असते, जिला सगळे सरसकट झिंक म्हणतात. जस्ताची वडी समुद्राच्या पाण्यासाठी ठीक आहे. गोड्या पाण्यात तिच्यावर थर चढतो आणि ती काम करणे थांबवते, मग तिच्याऐवजी इंजिनाची ॲल्युमिनियमची बॉडीच खाल्ली जाते. नर्मदा, चंबळ, तापी यांच्या पाण्यासाठी ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची वडी लावावी. किनाऱ्यावरच्या शहरांतून मागवलेल्या जुन्या इंजिनांना बहुधा जस्ताचीच असते, तेव्हा ती तपासून घ्यावी.

बॅटरी रात्रभर चार्ज करून, चार्जर काढल्यानंतर काही तासांनी मोजावी. १२.६ व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर तिच्या भरवशावर घाट सोडू नये.

रस्ता आणि घाट

इंदूरहून सिमरोलचा घाट उतरून बडवाहमार्गे नर्मदेकडे जाताना ट्रेलरची चाके चांगलीच तापतात. तापलेले चाक तसेच पाण्यात घातले, की बेअरिंगभोवतीची हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. परतीच्या वाटेवर बेअरिंग जाम होते, आणि मालकाला वाटते की रस्ता खराब होता. घाटावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबावे. हातपंजा चाकाच्या मध्यभागी (हबवर) सहज ठेवता आला पाहिजे, तोवर बाकीची तयारी उतारापासून दूर सपाट जागी करावी: सामान चढवावे, दोर बांधावे, बूच बसवावे, दिव्यांची वायर काढावी. मागचे पट्टे उताराच्या तोंडाशी सोडावेत. पुढचा विंचचा हूक मात्र बोट तरंगेपर्यंत सोडू नये. ओल्या शेवाळलेल्या उतारावर बोट ट्रेलरवरून आपोआप घसरते आणि तिला हाताने अडवता येत नाही. ट्रेलरच्या मागे किंवा गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये, विशेषतः मदतीला धावणारी मुले.

हंगामाच्या सुरुवातीला जलाशय बहुधा भरत आलेले असतात. हनुवंतिया ज्याच्या काठी आहे त्या नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे, आणि त्या पातळीजवळ पाणी आले की उन्हाळ्यात आपण जिथून उतरलो होतो तो सारा उतार पाण्याखाली गेलेला असतो. त्याची काँक्रीटची कड कुठे संपते ते दिसत नाही. चाक त्या कडेवरून खाली गेले, की ट्रेलर आसावर बसतो आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून आधी एका माणसाने तरंगते जाकीट (लाइफ जॅकेट) घालून, हातात बांबू घेऊन पाण्यात उतरावे, कड शोधावी आणि दोन्ही बाजूंना काठ्या रोवाव्यात. ही जागा मुळात नदीच्या पात्राची नाही, पाणी शेतांवर, बांधांवर आणि वस्त्यांवर चढलेले आहे. २००४ साली हरसूद हे अख्खे गाव रिकामे झाले, ते याच धरणासाठी. काठाजवळ झाडांचे बुंधे आणि जुन्या भिंती आजही असू शकतात, त्यामुळे पहिल्या फेऱ्या स्थानिक नावाड्याला सोबत घेऊन सावकाश कराव्यात.

ओंकारेश्वरला धरणाखाली बोट बांधताना दोर थोडा सैल ठेवावा. वरून पाणी सोडले की पातळी चढते, आणि आखूड बांधलेल्या बोटीचे नाक खाली ओढले जाते. भोंगा वाजला की काठ सोडून वर यावे, बोटीसाठी मागे फिरू नये.

माणसे

बोट तरंगल्यावर पहिला अर्धा तास कोणालाही न चढवता फळ्या उचलून तळ पाहावा. त्यानंतर दोन माणसे घेऊन एक फेरी मारावी, आणि मगच भार वाढवावा. बोटीवर लिहिलेली संख्या बसलेल्या माणसांची असते. लहान मूल म्हणजे अर्धा माणूस, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. तलाव शहरातला होता, काठ समोर दिसत होता. त्या बातमीनंतर आमच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी ज्यांनी मुलांची जाकिटे मागितली, त्यांना आम्ही ती कशी तपासायची तेही दाखवले: जाकीट घालून बंद लावावेत आणि खांद्यांना धरून वर उचलावे. हनुवटी आत बुडाली, तर ते जाकीट त्या मुलाचे नाही. उन्हात ठेवलेल्या जाकिटांचे बक्कल ठिसूळ होते आणि दाबून बसलेला फोम कमी तरंगतो, तेव्हा त्यांचीही दरवर्षी पाहणी करावी. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे, आणि यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणी व विमा आवश्यक आहे. तपासणीची मुदत मुहूर्ताच्या आधी संपत नाही ना, हे पाहून ठेवावे.

मागच्या फळीचे आणि तळाच्या थरांचे काम वाळायला वेळ घेते आणि पावसाळी हवेत तो आणखी वाढतो. मच्छीमार संस्थांनी बोटी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि पर्यटनवाल्यांनी गणपतीपूर्वी आणाव्यात. त्यानंतर आलेल्या बोटींचे इंजिन आम्ही पाहून देऊ, परंतु फायबरचे काम घाईने करून देणार नाही. घाटावरच्या पहिल्या उतरवणीला आमचा माणूस हवा असेल तर वार आधी कळवावा. शनिवार-रविवार सोडून कोणत्याही दिवशी तो पहाटे इंदूरहून निघून सकाळी घाटावर हजर असेल.